वीतभर पाण्यावरचा दिवा

मागच्या वर्षी संक्रांतीच्या आठवड्यात मी पहिल्यांदा खाऱ्या पाण्याची टाकी भरली. काच तीस सेंटीमीटर लांब आणि वीस रुंद. तळाला दोन बोटं रेती, मधोमध भाजलेल्या मातीचे तीन सच्छिद्र दगड आणि वर वीतभर पाणी. सगळं मिळून बारा लिटर. आर.ओ.च्या पाण्यात लिटरमागे साधारण ३६ ग्रॅम समुद्री मीठ विरघळवलं, रिफ्रॅक्टोमीटरवर क्षारता ३५ आली आणि वर्ध्याहून रेल्वेने साडेसातशे किलोमीटरवर असलेला मुंबईचा समुद्र सावंगीतल्या आमच्या पुढच्या खोलीत, टीव्हीशेजारच्या लाकडी स्टुलावर आला.

सावंगी मेघेत नोकरी करणाऱ्या बहुतेकांचं आयुष्य जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयाच्या आसपास फिरतं. माझंही तसंच. मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातली परिचारिका. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढे दिव्याबद्दल जे शिकले ते मला आधीपासून येत होतं. कामावर येत होतं, घरी आलं नाही.

समुद्राची ओढ मालवणला लागली. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला नाकातोंडावर मुखवटा लावून पाण्यात उतरले होते. चित्रात असतं तसं निळंशार काही नव्हतं. पाणी हिरवट आणि गढूळ, चार-पाच हातांपलीकडचं दिसेना. पण त्या अंधूक उजेडातसुद्धा खडकावर प्रवाळ होते, जिवंत, शेवाळी आणि तपकिरी रंगांचे. त्या भागाला १९८७ पासून सागरी अभयारण्याचं संरक्षण आहे. किनाऱ्यावर परतले तरी ते गढूळ पाण्यातले प्रवाळ डोक्यातून जाईनात.

घरी प्रवाळ ठेवायचे तर आधी कायदा समजून घ्यावा लागतो. टणक सांगाड्याचे, खडक बांधणारे सगळे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. किनाऱ्यावरून शोभेसाठी उचललेला मेलेला तुकडासुद्धा गुन्ह्यात येतो. म्हणून मी समुद्रातला दगड घेतला नाही, भट्टीत भाजलेला घेतला. आणि जीव घेतले ते सांगाडा नसलेले: मशरूम आणि झोआ. मशरूम म्हणजे बशीसारखी मऊ, गोल चकती. झोआ म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी फुलं, प्रत्येकाला आखूड देठ आणि कडेला पापण्यांसारखे तंतू. पुण्यातल्या एका दादांच्या टाकीत दोन्ही वर्षानुवर्षं वाढत होते. त्यांनी तीन मशरूम आणि आठ तोंडांचा झोआचा एक फ्रॅग, म्हणजे वाढवायला कापलेला तुकडा, दिला. एवढं पुरे होतं. बारा लिटरमध्ये मासा ठेवायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं, आणि मला ते आजही योग्य वाटतं. एवढ्याशा पाण्यात मासा जगवता येतो, सुखात ठेवता येत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी थर्मोकोलच्या डब्यात, महाराष्ट्र एक्स्प्रेसने ते वर्ध्याला आले. तोवर टाकीत जिवाणू बसवायला पाच आठवडे गेले होते. दिवा मात्र आदल्या आठवड्यात घाईने आणलेला.

पहिला दिवा नागपूरच्या एका दुकानातून आणला. काचेच्या कडेला अडकवायचा, १० वॉटचा, पांढराशुभ्र, ६५०० केल्विन. गोड्या पाण्यात वनस्पती वाढवणारे लोक वापरतात तो. लावल्याबरोबर टाकी झळाळली. रेतीचा कण अन् कण दिसू लागला. मोबाईलमध्ये उजेड मोजायचं अॅप टाकलं होतं, ते दगडाच्या माथ्यावर धरून पाहिलं: साधारण दीड हजार लक्स. घरातल्या ट्यूबलाइटखाली हाच मोबाईल दोनशे दाखवायचा. सातपट उजेड! मला वाटलं, भरपूर झाला.

झोआ पहिल्या आठवड्यात छान उघडले. दुसऱ्या आठवड्यात त्यांचे देठ लांबले. तिसऱ्या आठवड्यात मी पट्टी काचेला लावून पाहिलं, तर सेंटीमीटरभराचे देठ अडीच सेंटीमीटर झाले होते आणि आठही तोंडं दिव्याकडे ताणलेली होती. मला आधी ती वाढ वाटली आणि आनंद झाला. पुण्याच्या दादांना फोटो पाठवला, त्यांचा लगेच फोन आला. म्हणाले, "ताई, ते वाढत नाहीयेत, उजेड शोधतायत."

या जिवांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. खाऱ्या पाण्यात बाहेरून थोडंफार अन्न मिळतं, पण पोट मुख्यतः या शैवालावर भरतं. म्हणजे टाकीवरचा दिवा दिसण्यासाठी नसतो, तो त्यांचा स्वयंपाक असतो. माझ्या झोआंची चूल मंद होती, म्हणून ते माना लांब करत होते.

मग दुसरा दिवा आला, आणि त्या दिव्याबद्दल लिहिताना मला अजून वाईट वाटतं. एकाने मोठी टाकी मोडली होती. त्याच्याकडचा ९० वॉटचा जुना पेटीसारखा दिवा मला स्वस्तात मिळाला. आत निळे आणि जांभळे एलईडी, प्रत्येकावर प्रकाश गोळा करणारं भिंग. दोन-अडीच फूट लांबीच्या, दीड फूट खोल टाकीसाठी केलेला. मी तो पडद्याच्या पाइपाला दोरीने टांगला, पाण्यापासून वीतभरही उंच नाही. सुरू केला आणि माझा हिरमोडच झाला. ९० वॉट म्हणून मी डोळे दिपायची तयारी ठेवली होती, तर टाकी उलट पहिल्यापेक्षा अंधारी दिसत होती. गडद निळी, सिनेमातल्या रात्रीसारखी. मोबाईल पारदर्शक पिशवीत बांधून दगडाजवळ नेला. अॅप म्हणालं, अठराशे. पहिल्या दिव्याचे दीड हजार, याचे अठराशे. थोडासाच जास्त, असा हिशेब करून मी तो पूर्ण जोरावर, दिवसाला दहा तास लावला.

चौथ्या दिवशी रात्रपाळी करून सकाळी घरी आले. मशरूम दोन रुपयांच्या नाण्याएवढे आक्रसले होते. कडा आत वळलेल्या. पाचव्या दिवशी त्यांचा वाइनसारखा लाल रंग उतरून गुलाबी झाला, सहाव्या दिवशी मधल्या मशरूमचं तोंड पांढरं पडलं आणि आतल्या पडद्यांच्या रेषा दिसू लागल्या. झोआ तर उघडेचनात.

समुद्र तापला की प्रवाळ पांढरे पडतात ते सगळ्यांनी वाचलेलं असतं. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये ते मोठ्या प्रमाणावर झालं. माझ्या स्टुलावर तेच झालं होतं, फक्त उष्णतेऐवजी मुख्यतः उजेडाने. शैवालाला पेलवेल त्याहून जास्त प्रकाश पडला की त्याच्याकडून ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि यजमान स्वतःला वाचवायला त्या शैवालालाच बाहेर टाकतो. रंग गेला म्हणजे स्वयंपाकीच घराबाहेर गेला. त्यात तो दिवा टाकीचं पाणीही तापवत होता. सकाळी २६ अंश असायचं ते संध्याकाळी साडेअठ्ठावीस.

मधला मशरूम गेला. उरलेले दोन मी दगडाच्या सावलीत सरकवले आणि दिवा काढून टाकला.

आमच्या विभागात निळा दिवा ही रोजची गोष्ट आहे. कावीळ झालेल्या बाळाला डोळ्यांवर पट्टी बांधून ४६० ते ४९० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाखाली ठेवतात. रक्तातलं पिवळं बिलिरुबिन तो प्रकाश शोषतं, त्याच्या रेणूची घडण बदलते आणि ते शरीराबाहेर पडू शकतं. या उपचाराचं मूळ एका परिचारिकेच्या नजरेत आहे, म्हणून आमच्याकडे नव्या मुली आल्या की मी त्यांना ती गोष्ट सांगतेच. १९५६ साली इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड कोवळ्या बाळांना ऊन खायला अंगणात न्यायच्या. त्यांच्या लक्षात आलं की उन्हात उघड्या राहिलेल्या अंगाचा पिवळेपणा उतरतो आणि दुपट्याखाली झाकलेला भाग तसाच पिवळा राहतो. दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर 'लॅन्सेट'मध्ये निबंध लिहिला.

त्या निळ्या दिव्याखाली काम करताना तो किती उजळ दिसतो हे आम्ही कधीच विचारत नाही. मीटर बाळाच्या अंगाशी धरतो आणि आकडा वाचतो. जोरकस उपचाराला प्रत्येक नॅनोमीटरमागे चौरस सेंटीमीटरला किमान ३० मायक्रोवॉट हवेत. कुणी सफाईला दिवा वर ढकलला आणि खाली घ्यायचा विसरला तर आकडा पडतो, बाळाचं बिलिरुबिन उतरत नाही, आणि दिवा मात्र खोलीत तसाच निळाभोर दिसत असतो. हे मी वर्षानुवर्षं करते आहे. आणि घरी, तीन मुक्या जिवांसाठी, मी डोळ्यांनी आणि मोबाईलने दिवा निवडला.

मोबाईलचं चुकलं कुठे, तेही मग नीट समजून घेतलं. लक्स हे एकक माणसाच्या डोळ्याप्रमाणे घडवलेलं आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या पोपटी प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतो. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला त्याच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढीच. शैवालाला आपल्या डोळ्याशी काही देणंघेणं नाही. त्याचं हरितद्रव्य आणि पेरिडिनिन नावाचं रंगद्रव्य नेमका निळा आणि निळा-हिरवा प्रकाश पितात. म्हणून त्यांच्यासाठी मोजायचं माप वेगळं आहे, त्याला 'पार' म्हणतात: ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशकण एका चौरस मीटरवर सेकंदाला किती मायक्रोमोल पडले, एवढंच मोजायचं. पांढऱ्या एलईडीत पारचा एक आकडा म्हणजे ढोबळमानाने ६५ ते ७० लक्स. शुद्ध निळ्या एलईडीत तोच एक आकडा म्हणजे जेमतेम सात लक्स. तेव्हा पांढऱ्याचे दीड हजार आणि निळ्याचे अठराशे हे शेजारी शेजारी मांडण्याजोगे आकडेच नव्हते.

पुण्याच्या दादांनी स्वतःचं पार मीटर आठवडाभरासाठी कुरिअरने पाठवलं. हे महागाचं यंत्र आहे, बारा लिटरच्या टाकीसाठी विकत घेण्यात अर्थ नाही, पण आठवडाभर हाताळायला मिळालं तर वर्षभराची चाचपड वाचते. एका काठीच्या टोकाला रुपयाएवढं पांढरं डोळ्यासारखं सेन्सर आणि दुसऱ्या टोकाला आकडा. मी आधी जुने दोन्ही दिवे पुन्हा लावले. पहिला पांढरा: दगडाच्या माथ्यावर २२. दुसरा निळा, पूर्ण जोरावर: २९०. मी थोडासाच जास्त समजत होते तो तेरापट होता. मशरूमला ३० ते ८० पुरतं, झोआ १०० च्या आसपास सुखी असतात. एका दिव्याने मी त्यांना उपाशी ठेवलं होतं आणि दुसऱ्याने भाजलं होतं.

तिसरा दिवा निवडताना मी वॉट बघणं सोडून दिलं. बारीक टाकीला तीनच गोष्टी हव्यात असं माझं मत झालं आहे. निळा आणि पांढरा वेगवेगळे कमी-जास्त करता आले पाहिजेत. दिव्याची उंची बदलता आली पाहिजे, कारण वीतभर पाण्यात जोर कमी करायला खोली नसते, ती कामगिरी हवेतल्या अंतराकडूनच करून घ्यावी लागते. आणि प्रकाश पसरट पडला पाहिजे, भिंगातून एका ठिकाणी भाल्यासारखा घुसायला नको. जुन्या काळी अशा टाक्यांवर मेटल हॅलाइड दिवे लावत, २५० वॉटचे, खाली पाणी गरम करणारे. त्यांच्यावर बारा लिटरची टाकी चालवणं जवळपास अशक्यच होतं. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना निळ्या एलईडीसाठी २०१४ चं नोबेल मिळालं. हातभर टेबलावरचा समुद्र त्या शोधामुळे शक्य झाला.

मला वाकवता येईल अशा दांड्याचा १५ वॉटचा दिवा मिळाला. पहिल्या दोहोंच्या पैशात तो सहज आला असता. पाण्यापासून २५ सेंटीमीटर वर बसवला, निळा ६० टक्के आणि पांढरा २० टक्के. मग एका रविवारी दुपारी दार लावून घेतलं, खिडक्यांना चादरी लावल्या आणि कागदावर टाकीचा वरून दिसणारा चौकोन काढून त्यात नऊ घरं आखली. तळाच्या नऊ जागा, दगडावरच्या तीन, कपारीतली एक. पंपामुळे पाणी हलतं, हलत्या पाण्यातून उजेडाच्या रेषा सेन्सरवरून सरकतात आणि आकडा स्थिर राहत नाही. एकाच जागी ७० म्हणता म्हणता ९५ होतो. प्रत्येक जागी दहा आकडे लिहून सरासरी काढली. तळाच्या मध्यावर ५२. मागच्या कोपऱ्यात २८. दगडाच्या माथ्यावर ११८. कपारीत ११. एवढ्याशा काचेत अकरा ते एकशे अठरा! एका हाताच्या अंतरात दाट सावली आणि भर दुपार. तो कागद अजून आमच्या फ्रिजवर लावलेला आहे, आणि मी कुठलाही जीव ठेवताना आधी त्या कागदाकडे बघते.

त्याच दिवशी पांढरा आणि निळा वेगवेगळे लावूनही पाहिले. एकाच जागी फक्त पांढऱ्यात मोबाईल ५२०० लक्स म्हणाला आणि मीटर ७६. फक्त निळ्यात मोबाईल ७००, मीटर ९५. निळ्यात खोली अंधारी, आणि शैवालाच्या ताटात जास्त वाढलेलं.

निळाच का, यावर लोक समुद्राची खोली सांगतात: पाणी लाल प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषून घेतं, निळा खोलवर पोचतो, म्हणून प्रवाळांना निळा हवा. समुद्राबद्दल ते खरंच आहे. पण माझ्या टाकीत पाणी वीतभर, त्यात लाल प्रकाश कुठेही हरवत नाही. इथे निळ्याचं कारण पाणी नाही, त्या शैवालाची पिढ्यानपिढ्यांची सवय आहे. दुसरं कारण डोळ्यांचं. निळ्या उजेडात झोआंचे हिरवे-केशरी कडे आतून पेटल्यासारखे दिसतात, कारण त्यांच्यातली प्रथिनं निळा प्रकाश घेऊन दुसऱ्या रंगात परत देतात. माझे मशरूम डिस्कोसोमा जातीचे. याच जातीतून १९९९ मध्ये मॉस्कोच्या संशोधकांनी लाल चमकणारं प्रथिन वेगळं केलं, आणि आज पेशींमधल्या हालचाली पाहायला जगभरच्या प्रयोगशाळा ते वापरतात. पांढरा थोडा ठेवला तो आमच्यासाठी. शुद्ध निळ्यात जीव आजारी आहे की निरोगी हे कळत नाही, सगळंच सुंदर दिसतं. बाळाचा रंग तपासायचा असेल तर आम्हीही निळा दिवा बंद करतो.

नवा दिवा आला म्हणून लगेच पूर्ण मात्रा दिली नाही. पहिल्या दिवशी निळा २० टक्के आणि चार तास. दर तीन दिवसांनी पाच टक्के आणि थोडा वेळ वाढवत गेले. चौथ्या आठवड्याला ठरवलेल्या आकड्यावर आणि आठ तासांवर पोचले. पांढरे पडलेले दोन मशरूम मागच्या कोपऱ्यात, २८ च्या जागी ठेवले. त्यांच्यात रंग परतायला सात आठवडे लागले. आधी कडेला तपकिरी छटा आली, मग लाल.

दिव्याचा आणखी एक त्रास मी लक्षात घेतला नव्हता. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे. त्या समोरच्या दिवाणावर बसतात आणि दिव्याचं तोंड नेमकं त्यांच्या नजरेच्या रेषेत येत होतं. दोन दिवस त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "बाई, माह्या डोयात घुसते तो उजेड." मला फार लागलं ते. वॉर्डात शेजारच्या बाळाच्या डोळ्यांवर निळा उजेड जाऊ नये म्हणून आम्ही पडदा लावतो, आणि घरी आईंच्या डोळ्यांचा विचार केला नाही. त्याच संध्याकाळी काळ्या कार्डशीटची चार बोटं उंच झालर कापून दिव्याला तिन्ही बाजूंनी लावली. घरात टाकी ठेवणाऱ्या प्रत्येकाने आधी घरातल्यांच्या बसण्याच्या जागेवर बसून दिव्याकडे बघावं.

शेजारच्या काकूंना खिडकीतून तो निळा उजेड दिसायचा. त्या एकदा दारात येऊन म्हणाल्या, "काऊन व सिस्टर, घरी बी पिलियाचं लेकरू आणलं का?" मी त्यांना आत बोलावून झोआ दाखवले. त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या, मग विचारलं, हे खातात काय? मी म्हटलं, उजेड. त्यांना ते पटलं. म्हणाल्या, तुळस बी तेच खाते.

मग मे महिना आला. वर्ध्याचा मे ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. पारा ४६-४७ वर जातो, दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रंही नसतं, नळाचं पाणी हात भाजतं. माझ्या टाकीला २६ अंश हवे, २९ च्या वर गेलं की धोका. १५ वॉटचा दिवा किरकोळ वाटतो, पण बारा लिटर पाणीही किरकोळच असतं. चिलर एवढ्या छोट्या टाकीला मिळत नाही आणि परवडतही नाही. मी संगणकातला छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावला. इथली हवा मे महिन्यात इतकी कोरडी असते की पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. पंख्याने पाणी खोलीपेक्षा चार-पाच अंश थंड राहायचं. हाच न्याय आपल्या कूलरचा, ओल्या ताट्यांमधून वारा आला की थंड. पण एक गंमत पंधरा दिवसांनी ध्यानात आली. खोलीत कूलर चालू केला की टाकीचा पंखा निकामी होतो, कारण कूलर हवेत आधीच ओल भरून ठेवतो आणि टाकीचं पाणी उडत नाही. शेवटी टाकी दिवाणखान्यातून आतल्या, कूलर नसलेल्या खोलीत हलवली.

उडालेल्या पाण्याबरोबर मीठ जात नाही. रोज पाऊण लिटर पाणी उडायचं. बारामधलं पाऊण म्हणजे सहा टक्के, एका दिवसात क्षारता ३५ वरून ३७ च्या वर. म्हणून सकाळ-संध्याकाळ मापाच्या सिरिंजने, थेंबाथेंबाने, बिनमिठाचं आर.ओ.चं पाणी घालत राहिले. ड्यूटी दुपारची असली की संध्याकाळचं काम सासूबाई करायच्या. त्यांना ती सिरिंज धरायला शिकवली होती, आणि त्या काचेवर मी मार्करने मारलेल्या रेघेपर्यंतच पाणी घालत, थेंबही जास्त नाही.

दिव्याची वेळ बदलणं हा उपाय सर्वांत जास्त उपयोगी पडला. समुद्रातल्या दुपारी उजेड असतो म्हणून माझ्या टाकीतही दुपारी हवा असं काही नाही. शैवालाला तास हवेत, घड्याळ नको. मी टायमर संध्याकाळी साडेसहा ते रात्री अडीच असा लावला. सगळ्यात तापलेले दुपारचे तास दिवा बंद, आणि खोली निवू लागली की टाकीत सकाळ. रोज आठ तास, एकही दिवस मागेपुढे नाही. लाइट जायची तेव्हा पंप आणि पंखा छोट्या इन्व्हर्टरवर, दिवा नाही. दिव्याविना एक दिवस जातो, हवेविना मात्र जीव कासावीस होतात. विजेचं म्हणाल तर १५ वॉट आठ तास म्हणजे महिन्याला साडेतीन-पावणेचार युनिट. तो ९० वॉटचा दहा तास लावला असता तर सत्तावीस.

जुलैत पाऊस लागला आणि उलटं झालं. हवा ओली, पंख्याचा उपयोग नाही, पण बाहेरचंच तापमान उतरलं. पाणी दिवसाला दोनशे मिलिलिटर उडू लागलं. दिव्याचे तास पुन्हा दुपारकडे सरकवले, दररोज अर्धा अर्धा तास.

एक सावधानता मात्र झोआ ठेवणाऱ्या प्रत्येकाला सांगते, कारण माझा पेशाच तो. काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं फार घातक विष असतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय फ्रॅग कापायचा नाही, आणि ज्या दगडावर झोआ आहेत तो कधीही गरम पाण्यात टाकायचा नाही किंवा उकळायचा नाही, त्याची वाफसुद्धा माणसाला रुग्णालयात नेते. आमच्या टाकीला लेकीने हात लावायचा नाही हा नियम पहिल्या दिवसापासून आहे.

मालवणचं ते हिरवट पाणी मला अलीकडे पुन्हा पुन्हा आठवतं. तिथले प्रवाळ गढूळपणातच जगतात. मुंबईच्या किनाऱ्यालाही तसेच आहेत. सागरी किनारा रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या काही वसाहती अलगद उचलून दुसरीकडे बसवल्या, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की त्या तिथे होत्या. आपल्या किनाऱ्याचे जीव कमी उजेडाशी जुळवून घेतलेले आहेत. परदेशातल्या चकचकीत टाक्यांचे फोटो बघून ३०० चा पार गाठायला धावायची आपल्याला गरज नाही. माझी टाकी १२० च्या वर कधीच जात नाही.

आज झोआची तोंडं आठाची एकवीस झाली आहेत, देठ पुन्हा आखूड. मशरूम हळूहळू सरकतात, हे मला माहीत नव्हतं. कोपऱ्यात २८ वर ठेवलेल्यांपैकी एक सहा महिन्यांत रेतीच्या कडेने चालत चालत ४० च्या घरात येऊन बसला आहे. गेल्या आठवड्यात पाणी बदलताना टॉर्च मारली, तर तो ज्या वाटेने आला त्या वाटेवर मागे राहिलेल्या पायाच्या तुकड्यातून मसुराच्या दाण्याएवढा नवा मशरूम उगवलेला दिसला, लालसर, मधोमध टाचणीच्या टोकाएवढं तोंड. फ्रिजवरच्या कागदावर त्या घरात ३३ लिहिलेलं आहे. दिव्याला मी हात लावलेला नाही.